बाटली क, बाटली ख

“खोकला कोनाले आहे, मॅडम?” औषधाच्या दुकानातल्या विक्कीनं विचारलं.

“कोणालाच नाही,” मी म्हणाले.

उत्तर खरं होतं. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईनं खरं बोलावं असं माझं मत आहे. पण मागे रांग उभी असताना औषधाच्या दुकानात ते किती बोलावं, याचा विचार मी केलेला नव्हता. विक्कीनं खोकल्याच्या औषधाची बाटली काउंटरवरून हळूच स्वतःकडे ओढून घेतली. आमचा गडचिरोली जिल्हा दारूबंदीचा. खोकला नसताना खोकल्याचं औषध मागणाऱ्याकडे इथं एका खास नजरेनं पाहतात. ती नजर माझ्यावर आयुष्यात पहिल्यांदा पडली, आणि तीही बारावीला माझ्याच वर्गात पहिल्या बाकावर बसलेल्या मुलाची.

“मंग काऊन पाह्यजे?”

“मज्जातंतूंच्या वेदनेसाठी.”

“काय म्हनते?” रांगेतल्या एकानं दुसऱ्याला विचारलं.

“अंदर काईतरी दुखते म्हनते.”

विक्कीचा चेहरा हेडमास्तरांसारखा झाला. “मॅडम, राग नका मानू. पन आजकाल या औषधावर वरून लय लक्ष आहे. नाव, फोन नंबर, डॉक्टरची चिठ्ठी. बिना चिठ्ठीचं मी माह्या मायलेबी देत नाई.”

चिठ्ठी माझ्या पर्समध्ये होती. ती मी आधीच पुढे करायला हवी होती. विक्कीनं ती वाचली आणि त्याचा संशय दुप्पट झाला.

“इथी तं नागीण लिहून आहे!”

“हो.”

“नागिनीले खोकल्याचं औषध?”

रांग एक पाऊल पुढे सरकली. मी शांतपणे, मुद्देसूद सांगितलं, की नागीण बरी झाली तरी मागे मज्जातंतूंची आग राहू शकते; की खोकला दाबणाऱ्या एका घटकाचा अशा वेदनेवर थोडा उपयोग होऊ शकेल, असं सुचवणारा एक छोटा अभ्यास माझ्या वाचनात आला; की ही निव्वळ शक्यता आहे, निष्कर्ष नव्हे. रांगेनं सगळं लक्षपूर्वक ऐकलं आणि त्यातले नेमके दोनच शब्द घरी नेले: खोकल्याचं औषध, आणि दुखणं. “शक्यता” हा शब्द त्या दुकानाच्या पायरीवरून खाली उतरलाच नाही.

दुखणं माझ्या सासऱ्यांचं होतं. गुणवंतराव, निवृत्त मुख्याध्यापक आणि आमच्या गावच्या दारूबंदी गावसंघटनेचे अध्यक्ष. हिवाळ्यात त्यांच्या उजव्या बरगड्यांवर नागीण उठली. शेजारच्या लच्छूभाऊंनी तिच्यावर गेरूनं चित्र काढून घ्यायचा सल्ला दिला. बाबांनी अंधश्रद्धेवर व्याख्यान दिलं आणि दवाखान्यात गेले. नागीण सुकली, आग राहिली. साधं मलमलीचं कापड टेकलं तरी बाबा दात आवळायचे. त्यामुळे गावाला इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टाशिवाय कधी न दिसलेला हा माणूस महिनोन्महिने ओसरीवर उघडा बसू लागला. कोणी बाई आली की ते वर्तमानपत्र उघडून छातीपासून चार बोटं लांब धरत आणि तिच्याशी मथळ्याच्या वरून बोलत. गावसंघटनेच्या रंजीताबाई बोलायला बसल्या, की बाबांचे हात भरून यायचे.

हेही चाललं असतं. पण माझ्या मुलीचं, मयुरीचं, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, मे महिन्यात ठरलं. सिंदेवाहीकडची मंडळी येणार, अंगणात मांडव पडणार, आणि आजोबा उघडे!

“मी आतल्या खोलीत बसतो. माझी तब्येत बरी नाही म्हणून सांगा,” बाबा म्हणाले.

“मग मी पण आतल्या खोलीतच अंगठी घालते,” मयुरी म्हणाली. ती आजोबांच्या मांडीवर वाढलेली. हे ती नुसतं बोलत नव्हती.

त्यामुळे प्रश्न स्पष्ट होता. मांडवात बसण्याएवढा वेळ बाबांच्या अंगावर शर्ट टिकला पाहिजे.

ग्रामीण रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरला मी तो अभ्यास दाखवला. आधीच्या गोळ्यांनी बाबांना चक्कर येत होती, म्हणून त्यानं त्या थांबवल्या होत्या. “छोटा अभ्यास आहे, मॅडम. पण मी सांगतो तेवढ्याच मात्रेत, थोडे दिवस बघा. काही वेगळं वाटलं तर लगेच फोन करा,” तो म्हणाला आणि चिठ्ठी लिहून दिली.

इथंच थांबून, चमच्यानं औषध देऊन मोकळं व्हायला हवं होतं, असं आज माझे यजमान म्हणतात. प्रफुल पंचायत समितीत आहेत. तिथं एखादी गोष्ट चालते की नाही हे तपासून बघायची पद्धत नसावी. मला मात्र औषधाचा गुण आणि औषध घेतल्याच्या समाधानाचा गुण वेगवेगळा पाहायचा होता. म्हणून दोन बाटल्या. एकीत खरं औषध, दुसरीत तशाच रंगाचं, तशाच गोडीचं, निरुपद्रवी काहीतरी. एक आठवडा क, एक आठवडा ख. कशात काय आहे हे घरात फक्त मला ठाऊक. बाबांना ही कल्पना सांगितल्यावर ते खूश झाले. शिक्षण खात्यात इतका काटेकोर विचार त्यांनी कधी पाहिला नव्हता. औषध पाजायचं काम सासूबाईंकडे, कारण त्या दिवसभर घरी.

“म्हंजे एका बाटलीत औषध नाई, अन् थे मी माह्या नवऱ्याले पाजाचं?” सासूबाई, म्हणजे कमळाबाई, म्हणाल्या.

“हो, आई.”

“अन् कोनत्या बाटलीत नाई, थेबी मले सांगनार नाई?”

“नाही.”

“शिकून शिकून डोकं असं होते, मंग,” त्या म्हणाल्या आणि चमचा घेतला.

निरुपद्रवी द्रवाचा शोध सोपा नव्हता. साखरेचा पाक फिका. गुळाचा पाक गढूळ. रंगीत सरबत बाबांनी लगेच ओळखलं असतं. अखेर उत्तर आमच्याच कोठीत सापडलं. वाळलेली मोहफुलं. उन्हाळ्यात आमच्याकडे कोणत्या घरात ती नसतात! बचत गटाच्या बाया त्यांचे लाडू करतात, पाक करतात; मोह म्हणजे लगेच दारू नव्हे, हे बाबा स्वतः सभांमधून सांगत. ख ची पाळी यायच्या आदल्या दिवशी फुलं भिजवली, गाळली, रंग जाऊ नये म्हणून नुसतं कोमट केलं आणि दाटपणा औषधाइतका यावा म्हणून पाणी घातलं. बाटल्या मात्र मी वीस मिनिटं उकळल्या. एक बाटली भरली. उरलेला पाक बरणीत आणि दोन-तीन जादा बाटल्यांत भरून, झाकणं घट्ट लावून, स्वयंपाकघरातल्या टिनाखालच्या फळीवर ठेवला. ही बाटली ख.

वेदनेला रोज शून्य ते दहापैकी आकडा द्यायचा होता. पहिले दोन दिवस वाया गेले. बाबांनी सकाळी दहापैकी दोन आणि संध्याकाळी दहापैकी चार दिले. मी काळजीत पडले, तर ते म्हणाले, “सुधारणा आहे!” गुण जास्त म्हणजे चांगलं, हे हाडात मुरलेलं. मी त्यांना उलट्या मोजणीवर आणलं. मग ते अर्धा, पाव असे गुण देऊ लागले आणि “अक्षर बरं असतं तर अजून अर्धा कमी केला असता,” असंही एकदा झोपेत म्हणाले.

क बाटलीचा आठवडा शांत गेला. सातवरून साडेसहा. कधी सहा. शर्ट अंगावर पाच मिनिटं. वाईट नाही, चांगलंही नाही. खऱ्या विज्ञानात बहुतेक वेळा असंच दिसतं.

मग ख सुरू झाली. पहिले दोन दिवस पुन्हा सात. तिसऱ्या दिवशी साडेपाच. चौथ्या दिवशी मी उन्हाळी वर्ग आटोपून घरी आले, तर बाबा ओसरीवर बनियन घालून बसले होते.

“किती, बाबा?”

“चार. साडेतीनसुद्धा म्हणता येईल. आपण उदार राहू.”

मला धक्का बसला. बाटलीत काही नव्हतं, आणि वेदना उतरत होती! नुसत्या विश्वासाचा गुण एवढा? रात्री मला नीट झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी बाबा औषधाच्या वेळेआधीच स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहिले. त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी सासूबाईंना “कमळे” अशी हाक मारली. लग्नानंतर त्यांनी आईंना कोणत्याही नावानं हाक मारल्याचं कोणालाच आठवत नव्हतं. ते फक्त “ऐकलं का” म्हणत. आई हातातलं भांडं तसंच धरून कितीतरी वेळ उभ्या होत्या.

“हे वेगळं लक्षण आहे,” असं मला वाटलं, आणि सांगितल्याप्रमाणे मी डॉक्टरला फोन केला.

“दुखणं कमी?”

“हो.”

“झोप?”

“गाढ. दुपारीसुद्धा.”

“मूड?”

“गाणी म्हणतात.”

“मग तक्रार काय आहे, मॅडम?”

मी आभार मानून फोन ठेवला.

इकडे गावात वेगळंच सुरू होतं. दुकानातल्या रांगेनं नेलेल्या दोन शब्दांची आता पिकं आली होती. गुडघा, कंबर, दाढ, खांदा, ज्याचं जे दुखत होतं तो त्यासाठी खोकल्याचं औषध मागू लागला. विक्कीनं दुकानावर पाटी लावली: “खोकला असल्याशिवाय खोकल्याचे औषध मागू नये.” त्यावर लोक दुकानासमोर जाऊन खोकू लागले. एक आशाताई दोन दिवस आमच्या वॉर्डात थुंकीच्या नमुन्याच्या डब्या घेऊन फिरल्या आणि एकाही डबीत काही न मिळाल्यामुळे वैतागल्या.

“मास्तरीनबाई,” लच्छूभाऊ मला अडवून म्हणाले, “मी घेतलं थे दुकानातलं. काई फरक नाई. नुसती झोप येते. गुनवंतभाऊच्या बाटलीत काईतरी येगळं आहे.”

“वेगळं काही नाही, भाऊ. उलट…” आणि मी गप्प बसले, कारण प्रयोग संपेपर्यंत सांगायचं नव्हतं. आज वाटतं, ते वाक्य पूर्ण केलं असतं तर बरं झालं असतं.

लच्छूभाऊ माझ्याकडून सरळ कमळाबाईंकडे गेले. आईंना माणसाचं दुखणं बघवत नाही. त्यांनी बाटलीतून नाही, तर बरणीतून अर्धा गिलास दिला. रंग-वास तोच, म्हणजे तेच औषध बरणीतही होतंच ना. दुसऱ्या दिवशी लच्छूभाऊ दोन सोबत्यांना घेऊन आले. मी कॉलेजात, प्रफुल ऑफिसात. दुपारी चारच्या सुमारास आमच्या ओसरीवर गावातले दुखणेकरी म्हातारे जमत, आई पळीनं वाटप करत, बाबा प्रत्येकाकडून दहापैकी गुण विचारून घेत. मंडळी घरी जाताना अगदी समाधानी असत. एकजण तर काठी विसरून गेला. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवसांत मला एवढंच दिसत होतं की बरणीतली पातळी खाली जाते आहे आणि आई तीत पाणी घालून ती पुन्हा वर आणत आहेत; लाडवांना लागत असेल, असं मी धरलं.

साक्षगंधाच्या सकाळी बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बाहेर आले. गळ्यापर्यंत बटणं. मयुरीनं त्यांना पाहिलं आणि तिचे डोळे भरले. मी विचारलं, “किती?”

“दोन,” बाबा म्हणाले. “आणि ते दोनही शिस्तीसाठी ठेवलेत.”

त्या क्षणी मी फार सुखी होते. विज्ञान हरलं होतं, पण शर्ट जिंकला होता.

मांडवात सिंदेवाहीकडची मंडळी बसली. मुलाचे आजोबा सुकलूजी, जाड मिशांचे, बाबांच्या शेजारच्या खुर्चीवर. मागच्या रांगेत आमच्या गावसंघटनेच्या बाया, ठेवणीतल्या साड्या नेसून, पुढे रंजीताबाई. चहा फिरत होता. ऊन असं, की मांडवाच्या कापडातून डोक्यावर थापीसारखं बसत होतं. तेवढ्यात स्वयंपाकघरात काहीतरी फुटलं.

“फटाके कोन फोडून राह्यलं व?” आई म्हणाल्या.

पुन्हा फुटलं. मग आणखी एकदा. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून तपकिरी, फेसाळ पाणी बाहेर आलं, पायरी उतरलं, मांडवातल्या सतरंजीपर्यंत आलं आणि तिथं थांबून बुडबुडे काढत राहिलं. पाठोपाठ वास आला. तो वास ओळखायला आमच्या जिल्ह्यात रसायनशास्त्र लागत नाही. चहाचे कप जागच्या जागी थांबले.

रंजीताबाई उठल्या. पदर कमरेला खोचून दोघींना घेऊन त्या आत गेल्या. हे त्यांनी विचार करून केलं नाही, सवयीनं केलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात माझी बरणी होती. आत फेस उकळत असल्यासारखा वर येत होता.

“सडवा आहे हा,” त्या म्हणाल्या. सडवा म्हणजे आंबवलेला मोह, ज्यापासून दारू गाळतात. आजवर त्यांनी जंगलातल्या झुडपांमागून कितीतरी मडकी शोधून काढली होती. अध्यक्षांच्या फळीवरून पहिल्यांदाच.

बाबा हसले. “रंजीता, अगं ते औषध आहे. खोकल्याचं. संघप्रिया, सांग यांना.”

सगळा मांडव माझ्याकडे वळला. जे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते ते सगळं त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. साखर. पाणी. ऊब. फुलांवरचं नैसर्गिक किण्व, जे उकळल्याशिवाय मरत नाही. मी बाटल्या उकळल्या होत्या. आत जे भरायचं ते सोडून बाकी सगळं उकळलं होतं.

“हे खोकल्याचं औषध नाही, बाबा. ती क होती. हा मोहाचा पाक.”

“पाक. म्हणजे गोड पाणी,” बाबा रंजीताबाईंना म्हणाले.

“होता,” मी म्हणाले.

“आता काय आहे?”

खोटं बोलायची ही चांगली वेळ होती. मला ते सुचलं नाही. “आता दारूच म्हणावी लागेल. सौम्य आहे. पण आहे.”

बाबांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. त्यांनी मागचा सगळा आठवडा मनात उलटा चालत जाऊन पाहिला असावा: गाणी, दुपारच्या झोपा, “कमळे”. मागच्या बाजूला लच्छूभाऊ खुर्चीत हळूहळू लहान होत गेले.

गावसंघटनेची एक रीत आहे. ज्याच्या घरी सापडेल त्यानं अंगणात उभं राहून सगळ्यांसमोर आपलं नाव सांगायचं, काय सापडलं ते सांगायचं आणि स्वतःच्या हातानं ओतायचं. ही रीत बाबांनीच घातलेली. कित्येक आडदांड माणसं त्या अंगणात रडली आहेत.

“भाऊ, राहू द्या,” रंजीताबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. “पाव्हने आहेत. पोरीचा दिवस आहे. मी मागच्या मागं ओतून देतो, कोनी काई म्हनत नाई.”

“पाहुणे आले की रीत बदलते का?” बाबा उठले. बरणी हातात घेतली. “मी गुणवंतराव, या गावच्या दारूबंदी गावसंघटनेचा अध्यक्ष. माझ्या घरी मोहाची दारू सापडली. मागचा आठवडाभर मी ती घेतली.” मग ते माझ्याकडे वळून, वर्गात शंका विचारावी तसे म्हणाले, “नकळत, हा शब्द घालू का?”

“घाला, बाबा. खरा आहे.”

“नकळत,” ते म्हणाले. मग बरणीकडे पाहिलं. “पण आवडीनं.”

सासूबाईंनी पदर तोंडाशी नेला. बाबांनी बरणी कडुनिंबाच्या बुंध्याशी रिकामी केली. मागून लच्छूभाऊ उठले. “मी बी होतो,” ते म्हणाले. मग आणखी एक उठला, मग आणखी एक. रंजीताबाईंना कळेना, की ही धाड आहे की हजेरी.

आता सगळे सुकलूजींकडे पाहत होते. मयुरीनं माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी झाली. सुकलूजींनी मिशीवरून हात फिरवला.

“पन दुखनं गेलं का, जी?”

बाबांचा हात नकळत बरगड्यांकडे गेला. धक्का ओसरत होता, आणि त्याच्याबरोबर आणखीही काही ओसरत होतं. कपाळावर घाम आला. “परत आलं,” ते म्हणाले. “सात. ख चा पेपर रद्द करावा लागेल, त्यानं कॉपी केली.” मग अतिशय ताठ उभं राहून, “मंडळी, माझा शर्ट पेटला आहे. मी आत जातो. तुम्ही कार्यक्रम करा.”

“मग मी पण…” मयुरीनं सुरुवात केली.

“आत कायले जाता?” सुकलूजी म्हणाले. “काढा ना इथीच. कपडा अंगाले चावते तं काढाव, त्यात काय लाजाचं?” एवढं बोलून त्यांनी स्वतःच्याच शर्टाची बटणं काढायला सुरुवात केली.

“अहो, तुम्ही कशाला!” मी म्हणाले. आता मला खरोखर काही कळेनासं झालं होतं.

“माहे व्याही उघडे अन् मी शर्टात? फोटोत मीच भाड्यानं आनलेला दिसन.” शर्ट खुर्चीच्या पाठीवर गेला. छातीवरच्या पांढऱ्या केसांवरून त्यांनी वारा घेतला. “अन् गरमी पाहा ना काय होऊन राह्यली.”

बाबांनी शर्ट काढला. लच्छूभाऊंनी काढला. मग ज्या म्हाताऱ्यांना काढायचं काही कारण नव्हतं त्यांनीही काढला. फोटोग्राफरनं माझ्याजवळ येऊन दबक्या आवाजात विचारलं, “मॅडम, हे असंच घ्याचं आहे का?” मी प्रफुलांकडे पाहिलं. त्यांनी आकाशाकडे पाहिलं.

रंजीताबाईंनी पदर कमरेतून सोडून पुन्हा नीट घेतला आणि आपल्या जागी बसल्या. मेणबत्ती लावली. प्रथेप्रमाणे अंगठीआधी त्रिसरण आणि पंचशील, आणि म्हणवून घेणार गुणवंतरावच. आमच्या वॉर्डात दुसरा कोणी म्हणवूच शकत नाही. ते उघड्या अंगानं, हात जोडून उभे राहिले. पहिलं शील झालं, दुसरं झालं, तिसरं, चौथं. मांडव नेहमीसारखा, जरा यांत्रिकपणे मागून म्हणत होता. पाचव्याला, मद्यापासून दूर राहण्याच्या शीलाला, बाबा थांबले. मला वाटलं, आता ते बसतील.

मग त्यांनी म्हटलं, आधीच्या चारांहून मोठ्यानं. आणि त्यांच्यामागून उघड्या म्हाताऱ्यांची अख्खी रांग अशी गर्जली, की मांडवाच्या दोऱ्यांवरचे कावळे उडाले. सगळ्यांत वरचा आवाज लच्छूभाऊंचा होता. ते तर आमच्या विहारात कधी येतही नाहीत.